मामाचं शेत

चारुलतेने मुलीच्या दंडाला पुन्हा साबण लावला आणि बादलीतलं पाणी तांब्याने तिच्या खांद्यावर ओतलं. पंपाच्या खोलीत उजेड बेताचाच होता. ओल्या फरशीवर अंग चोरून बसलेली जमनी थरथरत होती, पण ही थरथर थंडीची नव्हती. दंडाच्या कातडीखाली किडा वळवळावा तसे स्नायू आपोआप उडत होते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ती पुसायचं तिला भान नव्हतं.

“जमनी, माझ्याकडे बघ. आम जो.”

मुलीने कशीबशी मान उचलली. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या.

शेतात काल संध्याकाळी फवारणी झाली होती. फवारल्यावर निदान दोन दिवस कपाशीत कुणी शिरू नये, हे तिच्या नवऱ्याला, विश्वंभरला ठाऊक होतं आणि नंदू मुकादमालाही ठाऊक होतं. पण बियाण्याच्या कपाशीची फुलं कुणासाठी खोळंबत नाहीत. आदल्या दुपारी सोलून ठेवलेल्या कळीवर सकाळी नर फुलाचा पराग हाताने टेकवावा लागतो. ऊन चढलं की ते फूल वाया. म्हणून उजाडताच मुलं रांगा धरून आत गेली होती. मोठ्या माणसाच्या कमरेशी येणारं झाड नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या तोंडाशी येतं. दंवाने आणि औषधाने निथळणारी पानं त्यांच्या गालांना, गळ्यांना, उघड्या हातांना पुसत गेली. बाकीच्यांना नुसतं मळमळलं. जमनी सरीतच कोसळली.

दारात सावली पडली.

“चारू, बाहेर ये,” विश्वंभर दबक्या आवाजात म्हणाला. “फाटकाशी जीप आलीय. लेबर ऑफिसची. पोलीस आहे बरोबर.”

“अहो, हिला आधी दवाखान्यात न्यायला हवं. हिचं काही खरं दिसत नाही.”

“नेतो म्हटलं ना. ही मंडळी गेली की मी स्वतः गाडी काढतो. पण आत्ता हिला कुणी पाहिलं, तर मी तुरुंगात जाईन. कळतंय का तुला?”

तो गेलासुद्धा. चारुलतेने मुलीला रिकाम्या पोत्यांवर कुशीवर निजवलं, तिच्या ओल्या अंगावर आपली ओढणी टाकली, हात कुर्त्याला पुसले आणि बाहेर येऊन पत्र्याच्या दाराला कडी घातली. कडी घालायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तिला तेवढंच आठवत राहिलं.

विश्वंभर कारखानीस मुळात शेतकरी नव्हता. बडोद्यात गोरव्याच्या एका कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं सुपरवायझर म्हणून गेली. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याजवळ गोत्रीतला फ्लॅट उरला आणि वाघोडियाच्या पुढची ही जमीन. पणजोबांना संस्थानच्या चाकरीत मिळालेली, कुळकायद्याच्या कात्रीतून कशीबशी वाचलेली. त्याने साधी कपाशी करून पाहिली, एरंडा करून पाहिला, दोन्हींत हात पोळले. मग बियाण्याच्या कंपनीचा माणूस दारात आला. या कामाला बारीक बोटं लागतात, असं तो चहा पिता पिता हसत म्हणाला होता. बारीक बोटं नंदू राठवाने आणली. कवांटकडच्या डोंगरातून, टेम्पोत बसवून.

चारुलता शहरातल्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. रविवारी शेतावर येताना ती मुलांसाठी बिस्किटं आणायची, सोसायटीतून गोळा केलेले कपडे आणायची. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, “यांची शाळा?” त्यावर विश्वंभर म्हणाला होता, “त्यांच्या गावात मास्तर तरी येतो का? इथे निदान दोन वेळा पोटभर जेवतात.” ते उत्तर तिला पटलं नव्हतं. पण तिने पुन्हा प्रश्नही विचारला नव्हता.

जीपमधून उतरलेल्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या होत्या. अंगावर सुती साडी, पायांत कापडी बूट. मागे एक हवालदार. विश्वंभर हात जोडून पुढे झाला.

“आवो बेन, आवो. बेसो. पहेलां चा-पाणी…”

“मराठीत बोललात तरी चालेल,” बाई म्हणाल्या. “मी शालिनी मोहिते. सरकारी श्रम अधिकारी.”

विश्वंभरचा चेहरा एकदम सैलावला. “मोहिते? म्हणजे दांडिया बाजारातल्या? मग तर तुम्ही आपल्यातल्याच की!”

“माहेर तिथलं. आत्ता मात्र मी कामावर आहे.” त्यांनी खुर्ची सावलीत ओढून घेतली. “तुमच्या शेतात लहान मुलं राबतात अशी तक्रार आहे.”

“राबतात?” विश्वंभर हसला. “ताई, शेत मी भागाने दिलंय. नंदूला. उत्पन्नात त्याचा वाटा. मुलं आहेत, नाही कशाला म्हणू? त्याची भाचरं आहेत ती. आज रविवार, शाळेला सुट्टी. मामाच्या शेतात चार फुलांना हात लावला तर बिघडलं कुठे? नव्या कायद्यात बसतं ते.”

“कायदा वाचलेला दिसतो.”

“पेपरात येतं ना सगळं.”

“येतं खरं.” शालिनीबाईंनी रुमालाने मान पुसली. “पूर्वी कायद्यात शेताला फारसं कुणी विचारत नव्हतं. मागच्या वर्षी चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्याच कामांची बंदी झाली, त्यात शेतही आलं. आम्हाला वाटलं, आता काम सोपं झालं. पण शेताबरोबर मामाही आला. मामा, काका, आत्या, मावशी. घरच्यांना मदत केली तर चालते. तेव्हापासून मी जिथे जाते तिथे मला मामाच भेटतो.”

विश्वंभर पुन्हा हसला. या वेळी जरा उशिराने.

चारुलता चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकाच्या खिडकीतून पंपाच्या खोलीचं दार समोरच दिसत होतं. आधण उकळत असताना त्या दारामागून आवाज आला. ओकारीचा, मग काहीतरी घरंगळल्याचा. तांब्या पडला असावा. तिने ओसरीकडे पाहिलं. शालिनीबाई हवालदाराशी बोलत होत्या, पण विश्वंभरची मान वळली होती. तो उठला.

“एक मिनिट हं ताई. पाण्याची वेळ झाली.”

तो भिंतीवरच्या पेटीशी गेला आणि त्याने बटण दाबलं. मोटर घरघरत सुरू झाली. पत्र्याचं दार तिच्या आवाजाने थडथडू लागलं. चारुलतेच्या हातातली साखर ओट्यावर सांडली. तेवढ्याशा खोलीत, त्या आवाजात, मोटरपासून हातभर अंतरावर ती मुलगी पडली होती. आणि आता तिचा आवाज बंद झाला तरी कुणाला कळणार नव्हतं.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा नंदूने मुलांना शेतातून आणून चिकूच्या झाडाखाली उभं केलं होतं. नंदू तिशीचा, काटक, मान खाली घालून बोलणारा माणूस. शालिनीबाई खुर्ची सोडून ओट्याच्या कडेला टेकल्या होत्या, मुलांच्या तोंडासमोर तोंड येईल अशा.

“नंदू तारो कोण थाय?” त्यांनी पहिल्या मुलाला विचारलं.

“मामा.”

“अने तारो?”

“मामा.”

शब्द रांगेतून पुढे पुढे गेला. चारुलता दाराशीच थबकली. तो सूर तिच्या ओळखीचा होता. तपासनीस येणार असले की वर्गात उत्तरं अशीच घोटून घ्यावी लागत. मुलं मग प्रश्न संपायच्या आत उत्तर देत.

शालिनीबाईंनी एका मुलाचा हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. कळ्या सोलून नखांच्या कडा चिरल्या होत्या, बोटांची टोकं हिरवट काळी पडली होती. त्यांनी हात सोडून दिला.

“अने मामीनुं नाम शुं?” त्यांनी सहज विचारलं. मामीचं नाव.

 मुलाने शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने त्याच्या पलीकडच्या मुलीकडे. कुणीच बोलेना. मोटर घरघरत होती.

“मामी मरी गई, बेन,” खांबाला टेकलेला नंदू म्हणाला. “गये वरस.”

मुलांनी घाईघाईने माना हलवल्या.

चारुलतेने ट्रे ओट्यावर ठेवला. नंदूची बायको मंगी. गेल्याच महिन्यात ती याच ओट्यावर बसली होती. मक्याची कणसं घेऊन आली होती आणि हसत हसत चारुलतेच्या बांगड्या आपल्या हातात घालून पाहिल्या होत्या. नंदू जमिनीकडे बघत होता.

“वाईट झालं,” शालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी कप उचलला आणि चारुलतेकडे पाहिलं. “तुम्ही ओळखत होतात तिला?”

“एकदोनदा पाहिलं होतं,” चारुलता म्हणाली. ‘होतं’ हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला.

“तुम्ही काय करता?”

“शिक्षिका आहे. चौथीला शिकवते.”

“मग तुमच्या अंदाजाने हा मुलगा कितवीत असेल?”

मुलगा तिच्याकडे बघत होता. रविवारी बिस्किटं देणाऱ्या बाईकडे बघावं तसा, आशेने.

“तिसरीत,” ती म्हणाली.

“रविवार आहे आज, ताई,” विश्वंभरने मध्येच आठवण करून दिली.

“हो. तेही खरं.”

चहा संपवून शालिनीबाई उठल्या. हवालदाराला घेऊन त्या कपाशीच्या कडेने फिरून आल्या, गोदामात डोकावल्या, मुलांची झोपायची जागा पाहिली. मग पंपाच्या खोलीपाशी थांबल्या. दाराखालून फेसाळ पाण्याचा ओघळ बाहेर येऊन मातीत मुरत होता.

“इथे काय आहे?”

“मोटर, ताई. हात लावू नका दाराला,” विश्वंभर झपाझप पुढे आला. “वायर उघडी पडलीय, पत्र्यात करंट उतरतो. परवाच कुत्रं मेलं एक.”

पुढे केलेला हात हवालदाराने झटकन मागे घेतला. “रहेवा दो, बेन.”

शालिनीबाईंनी ओघळाकडे पाहिलं. मग चारुलतेकडे. तिचा कुर्ता कोपरांपर्यंत भिजलेला होता आणि गळ्यात ओढणी नव्हती.

“कपडे धूत होतात?”

“हो.”

“बरं.” त्या जीपकडे वळल्या. “उद्या वायरमनला घेऊनच येते.”

जीप सुरू झाली. विश्वंभर हात जोडून उभा होता, हात खाली न घेताच तो पुटपुटला, “गेली ब्याद. वळणापलीकडे जाऊ दे, मग गाडी काढतो. हालोलला नेऊ. तिथला डॉक्टर ओळखीचा आहे, चौकशी करणार नाही.”

“हालोल? आणि इथून बडोद्याच्या वाटेवर एवढा मोठा दवाखाना आहे तो?”

“तिथे नेलं की पोलिसात कळवतात, चारू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस तिच्या तापात तीन रात्री उशाशी बसला होता. सोसायटीतलं कुत्र्याचं पिल्लू गटारात पडलं तेव्हा पँट वर करून आत उतरला होता. तोच आता वळणाकडे बघत होता, जीप कधी दिसेनाशी होते याची वाट पाहत.

ती चालू लागली. मग धावू लागली. एक चप्पल मागे राहिली. जीप फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागत होती, तिने पुढे होऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

“एक मुलगी आजारी आहे. तुमच्या गाडीत घ्या तिला. तिला नीट श्वास घेता येत नाहीये.”

शालिनीबाई खाली उतरल्या. “कोणाची मुलगी?”

मागून विश्वंभर धापा टाकत आला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. असं त्याने आयुष्यात कधी कुणाकडे बघितलं नव्हतं, हात पसरल्यासारखं.

“नंदूची भाची,” चारुलता म्हणाली.

 शालिनीबाई विश्वंभरकडे वळल्या.

“आधी ती मोटर बंद करा.”

जीपमध्ये जमनीचं डोकं चारुलतेच्या मांडीवर होतं आणि पाय नंदूच्या. मुलीच्या छातीत पाणी खदखदल्यासारखा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा. तो थांबला की नंदू तिच्या तळव्यांना जोराने चोळायचा आणि चारुलता खाली वाकून कान लावायची. कुणी बोललं नाही. हवालदार पुढे बसून हात बाहेर काढून गाड्यांना बाजूला व्हायला सांगत होता.

दवाखान्यात मुलीला स्ट्रेचरवरूनच आत नेलं. नर्सने नंदूला अडवलं.

“तमे कोण? सगामां शुं थाव?”

नंदूने चारुलतेकडे पाहिलं. “मामा,” तो म्हणाला. कुणी ते खोडलं नाही.

तरुण डॉक्टर हातमोजे चढवत बाहेर आले. “काय फवारलंय? मी इंजेक्शन सुरू केलंय, पण नाव हवं. एकच होतं की मिसळून मारलं?”

“शेठ लावे छे,” नंदू म्हणाला. “अमने खबर नथी.”

चारुलतेने फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

“अहो, औषधाचं नाव सांगा. डॉक्टर उभे आहेत समोर.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“ती बाई आहे तिथे?” विश्वंभरने विचारलं.

“आहे.”

त्याचा श्वास ऐकू येत होता.

“अहो, ऐकताय ना?”

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला. त्याने उचलला नाही. डॉक्टर मान हलवून आत गेले. शालिनीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काचेपलीकडे मुलीच्या तोंडात नळी घालत होते. तिचा एक पाय चादरीबाहेर आला होता, टाचेला शेतातली माती तशीच होती.

अर्ध्यापाऊण तासाने विश्वंभर कॉरिडॉरमधून येताना दिसला. हातात प्लास्टिकची पिशवी. तो चारुलतेपाशी थांबला नाही, शालिनीबाईंपाशीही नाही. सरळ डॉक्टरांच्या टेबलाशी गेला आणि पिशवीतून दोन डबे काढून त्याने त्यांच्यासमोर ठेवले.

“हे दोन्ही एकत्र. काल संध्याकाळी,” तो म्हणाला. “लिहिलंय त्यापेक्षा जास्त घातलं होतं.”

डॉक्टर डबे उचलून आत धावले. शालिनीबाईंची नजर त्या डब्यांमागे गेली.

“शेत नंदूचं आहे म्हणालात ना?”

“डबे माझे आहेत,” विश्वंभर म्हणाला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

दुपार तशीच सरली. मुलीचा श्वास यंत्रावर चालला होता. संध्याकाळी शालिनीबाईंनी चारुलतेला खिडकीपाशी बोलावलं.

“सकाळी तुमचा जबाब घ्यायचाय. विचार करून ठेवा. नंदू मामा असेल आणि शेत त्याच्या भागाचं असेल, तर जे झालं त्याला जबाबदार नंदू. मुलं मजूर असतील, तर मालक. मुलं मामाच म्हणणार. नंदूही तेच म्हणणार. मला तुम्हाला काही शिकवायचं नाहीये.” त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. “अशा केसेस मी अनेकदा उभ्या केल्यात. प्रत्येक वेळी कायदा माझ्या बाजूला असतो आणि साक्षीदार नसतो.”

खालच्या कँटीनमध्ये विश्वंभरने चहाचे दोन कप आणले. दोघांनीही घेतले नाहीत.

“नंदू तयार आहे,” तो म्हणाला. “मी बोललोय त्याच्याशी. त्याच्या घरचं मी बघीन, वकील मी देईन. भागाचा करार आहेच.”

“करार खरा आहे?”

“सही खरी आहे.”

चारुलतेने आपला कप बाजूला सारला.

“डबे मी आणले ना, चारू? नसते आणले तर कुणी काय करणार होतं? मला काय ती मुलगी मरायला हवी होती?”

“नाही,” ती म्हणाली. हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच तिला उठून जाता येईना.

ती रात्रभर काचेसमोरच्या बाकावर बसून राहिली. उजाडता उजाडता डॉक्टर बाहेर आले. मुलगी स्वतःहून श्वास घ्यायला लागली होती. अजून दोन-तीन दिवस सांभाळावं लागेल, म्हणाले, पण धोका टळला. नंदूने तिथल्या तिथे जमिनीला हात लावून कपाळाला लावला. विश्वंभरने चष्मा काढला, तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ तो हात तसाच ठेवला.

सकाळी शालिनीबाई कोरे कागद आणि पेन घेऊन आल्या. त्या बसतात न बसतात तोच नंदू जिन्यावरून एका माणसाला घेऊन आला. जमनीचा बाप, बचूभाई. रात्री नंदूने निरोप धाडला, तसा तो पहाटेच्या बसने आला होता. पाय अनवाणी, खांद्यावर टॉवेल. त्याच्या मागे, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून एक लहानगी मुलगी.

बचूभाईने काचेतून आत पाहिलं. झोपलेल्या मुलीकडे तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्याने टॉवेलने डोळे टिपले आणि शालिनीबाईंनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं,

“नंदू मारो साळो, बेन. छोकरी मामाने घेर आवेली.”

बसवरून आणताना नंदूने त्याला सगळं पढवलं असणार. आता खोटं पाडायला काहीच शिल्लक उरलं नव्हतं. मेहुणा, भाची, मामा, रविवार. सगळं जिथल्या तिथे बसत होतं. शालिनीबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

बचूभाई विश्वंभरकडे वळला. त्याने हात जोडले. रागाचा लवलेश त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट आपल्याकडूनच काही उणं राहिल्यासारखा तो खाली वाकला होता.

“शेठ, जमनीथी हवे काम नै थाय,” तो म्हणाला, आणि त्याने मागच्या मुलीला दंडाला धरून पुढे केलं. “आने लाव्यो छुं. सुमली. नानी छे, पण हाथ चालाक छे.”

जमनीकडून आता काम होणार नाही, म्हणून तिच्या जागी त्याने धाकटीला आणलं होतं. हंगाम अजून सरला नव्हता. एक मुलगी पडली म्हणून शब्द मोडायचा नव्हता.

सुमली सहा वर्षांची असेल, फार तर सात. बहिणीचा फ्रॉक तिच्या पायांत येत होता. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. गावाला पाठवायचं म्हणून कुणीतरी पहाटे उठून ती घातली असणार. ती कुणाकडेच बघत नव्हती. टाचा उंचावून काचेपलीकडे काय आहे ते पाहायचा प्रयत्न करत होती, पण काच तिच्या डोक्याच्या वर होती.

चारुलतेने विश्वंभरकडे पाहिलं. तो नको म्हणेल, असं तिला वाटलं. त्याने ओठ उघडलेसुद्धा. पण शालिनीबाई समोर होत्या, त्यांच्या हातात पेन होतं. मुलगी मामाकडे चालली असेल, तर तिला नको म्हणणारा विश्वंभर कोण? त्याने ओठ मिटले. मान खाली घातली. बचूभाई त्या गप्प बसण्याला होकार समजला आणि त्याने मुलीच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

चारुलता उठली. तिने सुमलीला काखेत हात घालून उचललं आणि काचेसमोर धरलं. मुलगी वजनाला काहीच नव्हती. तिने काचेवर दोन्ही तळवे टेकवले.

“शालिनीताई,” काचेकडे बघतच चारुलता म्हणाली, “लिहून घ्या.”

“बोला.”

“नंदू या मुलांचा मामा नाही. तो मुकादम आहे. त्याची बायको जिवंत आहे, मंगी तिचं नाव. शेत आमचं आहे, भागाने दिलेलं नाही. मुलं आमच्याकडे मजुरीला असतात. तीन हंगाम झाले. मी दर रविवारी बघत होते.”

नंदू भिंतीला पाठ घासत खाली बसला. तो घाबरला की सुटला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बचूभाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. मराठी त्याला कळली नव्हती. विश्वंभर मान वर न करता बसून होता. त्याच्या आणि चारुलतेच्या मध्ये बाकाची रिकामी जागा होती.

शालिनीबाईंनी कागद गुडघ्यावर सारखा केला.

“पूर्ण नाव सांगा.”

चारुलतेने मुलीला कडेवर घेतलं. ती नवऱ्याकडे वळली. तो बघेल म्हणून क्षणभर थांबली.

“चारुलता विश्वंभर कारखानीस,” ती म्हणाली.